दोन बोटं आणि किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातली जमीन हलली, तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव नुकतंच झोपलं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांत माझी आज्जी होती. मला गावकऱ्यांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं.

पुढे मी डी.एड. केलं, शाळेत शिकवू लागले, संसार मांडला. चाळिशी ओलांडल्यावर पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे ईएमडीआर नावाचा उपचार घेतला. डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने जुन्या आघाताची धार कमी करणारी ही पद्धत आहे. आमच्या भागात हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ज्यांना सांगावं त्यांतल्या काहींना ते मंत्रतंत्र वाटतं, काहींना पैसे उकळण्याचा धंदा. मला मात्र या उपचाराने माझी झोप परत दिली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली, आता चाळिशी-पन्नाशीत असलेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते.

१. जमीन थांबते, शरीर पहाऱ्यावर राहतं

आमची जुनी घरं दगडाची. हात-दीड हात जाडीच्या, मातीत रचलेल्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या रात्री अंगावर आलं. नंतर नव्या गावठाणात सिमेंटची पक्की घरं मिळाली, तरी माणसं किती तरी दिवस अंगणात किंवा पत्र्याखालीच झोपत. सगळं गावच भेदरलेलं असल्यामुळे एका पोरीची भीती वेगळी काढून कुणाला दिसणार? ‘पोरीनं धसका घेतलाय’ म्हणून आईने दृष्ट काढली, अंगारा लावला. त्यात माया होती आणि त्या मायेवर मी तगलेही.

लातूरला बिऱ्हाड केल्यावर माझ्या सवयी नवऱ्याच्या लक्षात आल्या. मी दाराजवळच अंथरूण घाले. उशाशी टॉर्च. पहाटे चारच्या आत न चुकता जाग. रस्त्यावरून उसाने भरलेली ट्रॉली गेली आणि मांडणीवरची भांडी किणकिणली, की मी लेकराला उचलून अंगणात पोचलेली असे. काय झालं हे त्यानंतर कळे. झोपेत दातांवर दात इतके आवळलेले असत की दाढांचे कंगोरे झिजले. शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच विचारलं, ‘ताई, कसला ताण घेता?’

अशा अवस्थेला वैद्यकशास्त्राने १९८० साली पीटीएसडी या नावाने स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली. किल्लारीनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रकल्पात डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यासही केला होता. आमच्या वस्तीत मात्र मनासाठी डॉक्टरकडे जायचं ते वेड लागल्यावरच, असा समज होता. तो समज अजूनही पुरता गेलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२. पहिल्याच भेटीत बोटं हलवू लागणाऱ्यापासून लांब राहा

या पद्धतीचे आठ टप्पे आहेत. डोळ्यांच्या हालचाली येतात त्या चौथ्या टप्प्यात. त्याआधी माझी सगळी हकिगत, आजार, चालू गोळ्या, घरात आधाराला कोण आहे, कधी जीव द्यावासा वाटला का, कधी आपण आपल्या अंगातच नाही असं होतं का, हे सगळं मॅडमनी विचारून घेतलं. पहिल्या काही भेटी यातच गेल्या. नवरा विचारायचा, ‘उपचार कधी सुरू होणार?’ आज मी सांगू शकते की तो तेव्हाच सुरू झाला होता.

या तयारीतलं एक काम म्हणजे मनात सुरक्षित जागा ठरवणं. मी मामाचा मळा निवडला. तेरणेच्या काठचा, उन्हाळ्यातला. पाटाचं पाणी पावलांवरून चाललंय आणि डोक्यावर फक्त आभाळ आहे. डोक्यावर छत नसलेली जागाच मला सुचली, हे मॅडमच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्या जागेत मनाने जायचं आणि परत यायचं, हे आम्ही घोटून घेतलं. खूण ठरली: मी हात वर केला की सगळं थांबेल, ‘का’ असं कुणी विचारणार नाही. ढिगाऱ्याखाली माझ्या हातात काहीच नव्हतं. इथे थांबवण्याची सत्ता माझ्याकडे होती, आणि ती खरी आहे हे तपासायला मी एकदा मुद्दामच हात वर केला होता. मॅडम तत्क्षणी थांबल्या.

३. सगळी कहाणी सांगावी लागत नाही, एक चित्र पुरतं

भूकंपाची रात्र पहिल्यापासून सांगावी लागेल या धास्तीने मी कित्येक वर्षं कुणाकडे गेले नव्हते. तसं काही करावं लागलं नाही. त्या आठवणीतलं सगळ्यात जास्त बोचणारं एकच चित्र निवडायचं असतं. मला वाटलं होतं, कोसळणारी भिंत निघेल. निघालं भलतंच. अंधार, तोंडात माती, आणि पलीकडून आज्जी माझं नाव घेऊन हाका मारतेय. मी ओ देत नाही. मग हाका थांबतात.

मॅडमनी विचारलं, ‘हे चित्र समोर आलं की स्वतःबद्दल काय वाटतं?’ मी म्हणाले, ‘मी ओ दिली नाही म्हणून आज्जी गेली.’ हे वाक्य मी तोवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं, आईपुढेही नाही.

त्याऐवजी काय वाटावं अशी इच्छा आहे? ‘मी लहान होते, माझ्या हातात नव्हतं.’ हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं, एक ते सातमध्ये सांगा. एक म्हणजे साफ खोटं, सात म्हणजे पूर्ण खरं. मी दोन म्हणाले. त्रास किती, शून्य ते दहामध्ये? दहा. शरीरात कुठे जाणवतंय? जबड्यात आणि गळ्याशी. मी शाळेत मुलांना गुण देते. आपल्या दुःखाला आकडा लावणं आधी विचित्र वाटलं. पण त्या आकड्यांमुळेच पुढे आपण कुठवर आलो हे दिसत राहिलं.

४. डोळे हलतात तेव्हा तुम्ही पूर्ण जागे असता

अनेकांना हे संमोहन वाटतं. तसं ते नाही. मॅडम माझ्या समोर, थोड्या बाजूला खुर्ची घेऊन बसत. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर दोन बोटं उभी धरून ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेत. मान न हलवता फक्त नजरेने त्यांच्यामागे जायचं, आणि त्याच वेळी ते चित्र, ते वाक्य आणि जबड्यातला ताण मनात धरायचा. वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की बोटं थांबत. ‘सोडून द्या. श्वास घ्या. काय आलं?’ मी दोन शब्दांत सांगे. ‘तिथूनच पुढे जा,’ म्हणत आणि बोटं पुन्हा सुरू. डोळे थकले की त्या तळहातांवर आलटून पालटून हलकी टिचकी देत. काही ठिकाणी त्यासाठी दिव्यांची पट्टी किंवा कानात आळीपाळीने वाजणारे आवाजही वापरतात.

रेल्वेच्या खिडकीत बसल्यासारखं सगळं मागे जाऊ द्यायचं, पकडायला जायचं नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी जे मागे गेलं त्यात काही क्रम नव्हता. आज्जीच्या मिश्रीचा वास. विसर्जनातलं लेझीम. ओल्या मातीचा दर्प. नंतरच्या दिवसांतला पाऊस आणि ताडपत्रीवर त्याचा आवाज. मग अचानक, कित्येक वर्षांत न आठवलेली गोष्ट: मला बाहेर ओढताना कुणाच्या तरी अंगठीने खांद्यावर ओरखडा काढला होता. तो खांदा त्या खोलीत खरोखर चुरचुरला. मी घाबरले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘ते तेव्हाचं आहे. तुम्ही आत्ता पुण्यात, या खुर्चीत आहात. पाय जमिनीला टेकलेत ना?’

दोन्हीकडे एकाच वेळी असणं हेच या उपचाराचं मर्म, असं माझ्या अनुभवावरून मी म्हणेन. एक पाय ढिगाऱ्यात, दुसरा पुण्यातल्या फरशीवर. एरवी पहाटे जाग आली की माझे दोन्ही पाय ढिगाऱ्यातच असत.

५. शास्त्राचा वाद माहीत असलेला बरा

कुठलीही नवी गोष्ट स्वीकारण्यापूर्वी वाचून पाहायची, ही माझी शिक्षिकेची सवय. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाई १९८७ साली एका बागेत फिरत असताना त्यांना जाणवलं की मनातले त्रासदायक विचार बोथट होताहेत आणि आपले डोळे आपोआप इकडून तिकडे हलताहेत. त्यांनी त्याचा माग काढला, आणि १९८९ साली २२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ईएमडीआर हे नाव १९९१ चं. म्हणजे आमचा भूकंप झाला तेव्हा ही पद्धत नुकती बाळसं धरत होती.

टीका पहिल्यापासून झाली आणि ती वाजवी होती. त्रासदायक आठवणीला सुरक्षित वातावरणात सामोरं जाणं हा उपचार आधीपासून होताच. मग डोळ्यांनी त्यात काय भर घातली? २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष होता, की डोळ्यांच्या हालचालींनी वेगळा फायदा दिसत नाही. २०१३ साली पुन्हा तसाच मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा हालचालींचा स्वतंत्र परिणाम दिसला. नेदरलँड्समधल्या संशोधकांचं म्हणणं मला पटण्याजोगं वाटतं: मनाची तात्पुरती जागा तोकडी असते, आठवण तिथे आणली आणि त्याच वेळी नजरेलाही काम दिलं, तर आठवणीच्या वाट्याला जागा कमी येते, ती फिकी होते आणि तशी फिकीच परत साठवली जाते. झोपेत डोळे भराभर हलतात त्या अवस्थेशी याचा संबंध लावणारेही आहेत. अखेरचा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही.

ही पद्धत काम करते का, या प्रश्नाचं उत्तर मात्र बरंच पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. माझ्यासारखीला तेवढं पुरेसं होतं. औषध का लागू पडतं हे पुरतं कळण्याआधी माणसांनी किती तरी औषधं घेतली आहेत.

६. मधले दिवस सांभाळायचे असतात

खोलीतून बाहेर पडलं की काम थांबत नाही. त्या रात्री स्वप्नं पडतात, दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, एखाद्या किरकोळ गोष्टीवर रडू फुटतं. मी भेटीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकत असे. एक वही ठेवली होती. कशाने दचकले, कोणतं चित्र दिसलं, अंगात कुठे जाणवलं, एवढंच त्यात लिहायचं. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मला समजावू नका, फक्त चहा करा. तो करायचा. लातूर-पुणे प्रवास दर वेळी झेपत नसे म्हणून काही भेटी व्हिडिओवर झाल्या. तेव्हा मी हात छातीवर फुलीसारखे धरून खांद्यांवर आळीपाळीने थापट्या मारत असे. ही रीत मेक्सिकोतली. आकापुल्कोच्या चक्रीवादळानंतर तिथल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी ती बसवली.

७. गाडी अडते, तिथे माणूस लागतो

एका भेटीपासून त्रासाचा आकडा सातावर थांबला. कितीही फेऱ्या झाल्या तरी तेच चित्र, तेच वाक्य. मी ओ दिली नाही. मी ओ दिली नाही.

मॅडमनी बोटं खाली घेतली आणि विचारलं, ‘तुम्ही कितवीला शिकवता?’

‘चौथीला.’

‘त्यातली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा.’

मी आणली. पहिल्या बाकावरची, वेणीची रिबन कायम सुटलेली, फळ्यावरचं पुसायला सगळ्यांत आधी धावणारी.

‘तिच्या अंगावर भिंत पडलीय. तोंडात माती गेलीय. पलीकडून तिची आज्जी हाक मारतेय. ती ओ देऊ शकेल?’

मी म्हणाले, ‘नाही.’

‘तिने ओ दिली असती तर तुळई उचलली गेली असती?’

मला बोलता येईना.

‘आज्जी गेली ती या मुलीमुळे, असं तुम्ही तिला सांगाल?’

त्या मुलीचा चेहरा समोर होता. तिला असं सांगणारं कुणी माझ्या वर्गात शिरलं असतं तर मी त्याला दारातच अडवलं असतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘इथून पुढे जा,’ आणि बोटं उचलली. मी ज्या आवाजात रडले तो माझ्या ओळखीचा नव्हता. दहा वर्षांच्या मुलीचा होता. फेऱ्या चालू होत्या. मग अंधारातल्या त्या चित्राला पहिल्यांदाच पुढचा भाग जोडला गेला. आज्जी हाका मारत होती, कारण मी जिवंत आहे का हे तिला हवं होतं. ती मला बोलावत नव्हती, शोधत होती. तिच्या हाकेत राग नव्हता. इतकी वर्षं मी त्यात राग ऐकत आले होते.

त्या दिवशी आकडा तीनवर आला. नंतर काही भेटींनी शून्यावर. ‘माझ्या हातात नव्हतं’ हे वाक्य सातला पोचलं, तेव्हा ते म्हणताना घसा आवळला नाही.

हे प्रश्न बाहेरून समजूत घालण्यासाठी नव्हते. ‘तुझी काही चूक नाही गं’ हे मला आईने, नवऱ्याने सांगितलंच असतं, मी बोलले असते तर. ऐकून ते कधीच आत उतरलं नसतं. नेमक्या क्षणी, आठवण उघडी असताना, एकच प्रश्न टाकून बाजूला होणं हे कसबाचं काम आहे. म्हणूनच यूट्यूबवर पळत्या ठिपक्यांचे व्हिडिओ लावून घरच्या घरी हा उपचार करू नका, असं मी कळकळीने सांगते. ठिपका तुमची आठवण उघडेल. तुम्ही सातावर अडकलात तर तो तुम्हाला काही विचारणार नाही.

८. अपराधी भावना गेल्यावर दुःखाला जागा होते

मला वाटलं होतं, बरं वाटणं म्हणजे हलकं वाटणं. झालं असं की पुढचे काही महिने मला आज्जीची सरळ, साधी आठवण यायला लागली. तिचा आवाज, तिने भाकरी थापताना म्हटलेल्या ओव्या, कमरेची चंची. तिच्यासाठी मी रडलेच नव्हते; माझ्या गुन्ह्यापुढे तिच्या जाण्याला रांगेत उभं राहावं लागलं होतं. हे रडणं दुखायचं, पण त्यानंतर झोप लागायची.

उपचाराच्या शेवटी डोक्यापासून पायापर्यंत अंग तपासायचं असतं, कुठे काही उरलंय का ते. माझ्या जबड्यात उरलं होतं. त्यावर आणखी काम केलं. आता उसाची ट्रॉली गेली की मी दचकते, पण बसल्या जागी. पहाटेची जाग महिन्यातून एखाद्या वेळी येते. अंथरूण दाराजवळून हललं आहे. जुन्या पडक्या दगडी वाड्यात मात्र मी आजही जात नाही, आणि जावं असा आग्रह मॅडमनीही धरला नाही.

९. जाण्याआधी विचारून घ्या

समोरचा माणूस मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, आणि त्याने ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का, हे विचारायला लाजू नका. चांगला माणूस रागावत नाही. आपल्या देशात ही पद्धत रुजायला २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर झालेल्या प्रशिक्षणांचा मोठा हातभार लागला. आज पुण्या-मुंबईत शिकलेली माणसं सापडतात. जिल्ह्याच्या गावी ती कमी आहेत, आणि ज्या जिल्ह्यात भूकंप झाला त्यानेच पुण्याचं तिकीट काढावं, ही स्थिती बदलली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, फिट येणं, भास होणं, मधला काळच न आठवणं, यांपैकी काही असेल तर आधी सांगा. अशा वेळी पद्धत बदलतात किंवा थांबवतात. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. एका घटनेचा आघात बऱ्याचदा लवकर निवळतो. लहानपणापासून रोज मार किंवा अत्याचार सोसलेल्यांना बराच जास्त वेळ लागतो, आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही. सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

१०. दुसऱ्याच्या वेळेचा मान राखा

माझा चुलतभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्या दिवशी त्याने चौदाव्या वर्षी दगड उपसले, माणसं बाहेर काढली, जिवंत आणि मेलेली. तो त्यावर अक्षर बोलत नाही. दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभाजवळ फुलं वाहून लगेच रानात निघून जातो. माझं सगळं झाल्यावर मी त्याला ऐकवलं, चौथीच्या मुलीचं सुद्धा. तो शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘तुला बरं वाटलं ना, मग झालं.’

मी आग्रह धरला नाही. मॅडमचा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून दिला आणि वहिनीला सांगून ठेवलं. गेल्या महिन्यात त्याने फोन करून एवढंच विचारलं, ‘तिथं सगळं बोलावंच लागतं का गं?’ मी म्हणाले, ‘नाही दादा. एक चित्र पुरतं. आणि हात वर केलास की थांबतात.’